गच्चीवरची फुलगळ

“हे फूल काल इथं होतं,” वृंदा म्हणाली.

“कुठलं?”

“हे. जे आता नाहीये ते.”

नसलेलं फूल दाखवत माझी बायको टोमॅटोच्या डब्यापाशी उकिडवी बसली होती. मीही शेजारी उकिडवा बसलो. गच्चीवर नुकतं ऊन येत होतं आणि आम्ही दोघं, पाटबंधारे खात्यातला एक कारकून आणि बालवाडीची एक बाई, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या झाडाचा पंचनामा करत होतो. काल तिथं पिवळ्या फुलांचा झुपका होता. आज नुसते हिरवे खुंट.

“गळली असतील,” मी म्हणालो.

“मग खाली पडलेली दिसायला नकोत?”

“वाऱ्यानं गेली असतील.”

“वारा कुठाय?”

वारा खरोखरच नव्हता. दोरीवर वाळत घातलेलं माझं बनियनसुद्धा हलत नव्हतं.

जिन्यात चपला वाजल्या. वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. आम्ही चटकन उभे राहिलो. आप्पा, म्हणजे माझे वडील, वर आले आणि दाराच्या चौकटीला हात लावून ती भक्कम आहे की नाही हे त्यांनी नीट तपासून घेतलं. दम लागला की ते असं काहीतरी तपासत. गेल्या महिन्याभरात आमच्या इमारतीतला कठडा, चौकट, पाण्याची टाकी असं सगळं भक्कम असल्याची खात्री पटली होती.

“काय झालं रे दिगू?”

“काही नाही. फुलं जरा...”

आप्पांनी उभ्याउभ्याच झाडाकडे पाहिलं. वाकायला त्यांना डॉक्टरांनी मनाई केली होती.

“गळली वाटतं,” ते म्हणाले. “अरेरे.”

आणि मिरज आणखी लांब गेली.

मिरजेत आप्पांचं ऑपरेशन व्हायचं होतं. आम्ही राहायचो इस्लामपुरात, तिथून मिरज काही लांब नाही. पण मधे टोमॅटो होता. ते असं झालं. दिवाळीच्या आधी आप्पांच्या छातीत कळ आली. डॉक्टर मगदुमांनी तपासण्या केल्या, मिरजेला पाठवून आणखी तपासण्या केल्या, आणि मग आम्हाला समोर बसवून सांगितलं की हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, छाती उघडावी लागेल, आणि लवकर उघडावी लागेल. आईनं पदर तोंडाला लावला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आप्पा एकटे अगदी शांत होते.

“करू की,” ते म्हणाले. “न करायला काय झालं? फक्त गच्चीवर टोमॅटो लावलेत, त्यांना फळ धरू दे. पहिलं फळ देवापुढं ठेवलं की दुसऱ्या दिवशी निघू.”

मगदूम हसले. पेशंट गमत्या आहे, मन खंबीर आहे, असं काहीसं म्हणाले. आम्ही हसलो नाही, कारण आम्ही आप्पांना ओळखत होतो. आमच्या घरात पहिलं जे काही येईल ते आधी देवापुढं ठेवायची रीत होती. कडीपत्त्याची पहिली डहाळी, माझा पहिला पगार, वृंदानं लग्नानंतर केलेली पहिली पोळी; ही पोळी देवापुढं दोन दिवस राहिली होती आणि तिला काही झालं नव्हतं. तेव्हा आप्पांच्या म्हणण्यात वावगं काही नव्हतं. झाडांना फुलं लागलेली होती. महिनाभरात फळ पिकेल, तोवर मिरजेची तारीखही मिळेल, असा आम्ही हिशोब केला आणि गप्प बसलो.

एकदा शब्द गेला की आप्पा मागे घेत नसत. सगळा जन्म त्यांनी एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढला होता. त्यांची शिट्टी झाल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि एकदा झाली की आमदार पळत आला तरी थांबत नसे. असा माणूस. निवृत्त झाल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून मिरच्या-टोमॅटो लावले. डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून त्यावर कौलाचे तुकडे ठेवले, लाल मातीत शेणखत कालवलं, रोपांना बांबूच्या काड्यांचा आधार दिला. टोमॅटो साधे गावठी, चपटे, कंगोऱ्यांचे. मिरची तिखट, बुटकी.

पण फुलं टिकेनात. येत होती भरपूर. एकदोन दिवस राहायची आणि नाहीशी व्हायची.

आम्ही उपाय सुरू केले. मला वाटलं झाडाला पाणी कमी पडतंय, म्हणून कचेरीत जाताना मी तांब्याभर घालायचो. वृंदालाही तसंच वाटलं होतं, हे मला माहीत नव्हतं. आणि दुपारी शेजारच्या सावंतवहिनी आमची काळजी वाटून घालायच्या, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पानं पिवळी पडून माना टाकायला लागली तेव्हा आप्पांनी डब्यात बोट खुपसलं आणि म्हणाले, “पाटबंधारे खात्याचं काम दिसतंय.”

मग मी स्टँडमागच्या कृषी सेवा केंद्रात गेलो. तिथले धोंडीराम पिसाळ हे काउंटरवर कोपर टेकून सगळ्या तालुक्याला सल्ला द्यायचे.

“किती क्षेत्र हाय साहेब?” त्यांनी विचारलं.

“डबे आहेत. तेलाचे.”

पिसाळांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. पण गिऱ्हाईक म्हटल्यावर त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. “फुलगळ हाय ही. झाडाला ताकद न्हाई. युरिया टाका चिमूटभर.”

चिमूट कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही. माझी चिमूट मोठी असावी. आठवड्याभरात झाडं अशी माजली की डब्यांच्या जागी झुडपं दिसायला लागली. नुसती पानं. आप्पा त्या पानांकडे बघून खूश झाले. “झाड जोरात आहे,” म्हणाले. “फळ काय, येईल सावकाश.”

सावकाश हा शब्द त्यांच्या तोंडी आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

वृंदानं वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानात वाचलं की फुलांना टिचकी मारली की परागकण पडतात आणि फळ धरतं. ती रोज बालवाडीत जायच्या आधी टिचक्या मारायला लागली. आईनं दुपारच्या उन्हासाठी आपलं जुनं लुगडं वर बांधलं. मी राख आणून टाकली, ताक शिंपडलं, कडूलिंबाचा पाला उकळून फवारला. त्या वासानं आमच्या बाजूचे दोन फ्लॅट आमच्याशी बोलेनासे झाले. झुपका यायचा, आम्ही बघून जिवात जीव आणायचो, आणि दोन दिवसांत खुंट.

इकडे आप्पांच्या जिन्यातल्या तपासण्या वाढत चालल्या होत्या. आधी एकदा थांबायचे, आता दोनदा. आंघोळीनंतर खांदे पुसतानासुद्धा त्यांना बसावं लागायचं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली सदऱ्याच्या खिशात असायची, आणि त्यांनी खिशाला हात लावला की घरातली तिन्ही माणसं हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायची. बरेचदा ते नुसता रुमाल काढायचे. “काय आहे? शिंकायचं नाही का माणसानं?” असं म्हणायचे आणि शिंकायचे.

शेवटी मला एक कल्पना सुचली.

“बाजारातनं एक टोमॅटो आणायचा,” मी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हटलं, “आणि झाडाला बांधायचा.”

“देवाला फसवायचं?” आई म्हणाली.

“देवाला नाही हो आई, आप्पांना,” वृंदा म्हणाली.

“देवाचं मी बघून घेईन गं. त्यांना फसवता यायचं नाही.”

पण मी आणलाच. चांगला लांबट, टणक, एका बाजूला लाली चढलेला. पानांच्या आड, आप्पांच्या छातीइतक्या उंचीवर, हिरव्या दोऱ्यानं फांदीला बांधला. काम इतकं बेमालूम झालं की मला स्वतःलाच दोनदा आनंद झाला. आप्पा वर आले. चौकट तपासली. चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिले.

“चमत्कार आहे,” ते म्हणाले. “झाड गावठी आणि फळ संकरित.”

मी आभाळाकडे पाहिलं.

“आणि देठाला रिळाचा दोरा. शेतकी कॉलेजला कळवायला पाहिजे.” त्यांनी तो सोडवला, माझ्या हातात ठेवला. “आमटीत टाकायला सांग.”

आई संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, “आता खरं लागलं तरी ते मानायचे नाहीत. तुझ्या शहाणपणामुळं.” आमटी मात्र चांगली झाली होती, आप्पांनी दोनदा घेतली.

त्याच आठवड्यात दुपारी वृंदाचा मला कचेरीत फोन आला. मी सायकल कशी चालवली मला आठवत नाही. घरी पोचलो तर आप्पा कॉटवर पाठीला लोड लावून बसले होते, चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावर घाम. गोळी जिभेखाली होती म्हणून बोलता येत नव्हतं, आणि घरात सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती. मगदूम आले. इंजेक्शन दिलं. कळ ओसरेपर्यंत बसून राहिले आणि मग आप्पांवर ओरडले.

“पोतदार, हे आता टोमॅटोवर चालायचं नाही! पुढची कळ मोठी असेल. मी घरी येईपर्यंत थांबायची नाही ती.”

आप्पांनी गोळीचा उरलेला भाग गिळला. “शब्द दिलाय.”

“कोणाला?”

“देवाला.”

मगदुमांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

बाहेर जिन्यात मगदूम मला म्हणाले, “उचलून न्या सरळ.” आणि स्वतःच पुढं म्हणाले, “पण भांडत, घाबरत टेबलावर गेलेला पेशंट मला नको असतो. त्यांनी आपल्या पायानं जायला पाहिजे. काय वाटेल ते करा, पण तो टोमॅटो पिकवा.”

इतका साधा वैद्यकीय सल्ला त्यानंतर मला कधी मिळाला नाही.

मी पिसाळांना हातापाया पडून घरी आणलं. गच्चीवर चढून त्यांनी कमरेवर हात ठेवले, आणि टोमॅटोकडे न बघता शेजारच्या मिरच्यांकडे बघत राहिले. मिरच्यांची झाडं लगडली होती. हिरव्या, काळपट, टोकाला लाल व्हायला लागलेल्या. पानापेक्षा मिरची जास्त. आम्ही तिकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मिरज मिरचीवर अवलंबून नव्हती ना.

“ह्यास्नी काय घालता?”

“काही नाही. जे टोमॅटोला तेच.”

“मग ही फुलगळ न्हवं,” पिसाळ म्हणाले. “फुलगळ असती तर मिरची आधी गळली असती. ती लई नाजूक जात.” त्यांनी एक खुंट नखावर घेतला. “आन् गळल्यालं फूल सांध्यातनं सुटतं. हे खुडल्यालं हाय.”

“कोण खुडणार?”

“चिमणी म्हना, खार म्हना.” मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. “जाळी घिऊन टाका. बारीक भोकाची. हाय आपल्याकडं.”

जाळी घेण्याआधी खारीला एकदा बघून घ्यावं असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना आईचं लाटणं घेऊन पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. थंडी होती. गवळ्याच्या सायकलीची घंटी खालून गेली. कुठंतरी रेडिओ लागला. खार आली नाही.

जिन्यात चपला वाजल्या. वाजल्या, थांबल्या. थांबल्या त्या बराच वेळ.

आप्पा आले. चौकट तपासून झाल्यावर ते मिरच्यांपाशी गेले, एका झाडाचं वाळकं पान काढलं, काडीला बांधलेली चिंधी जरा सैल केली. मग टोमॅटोकडे वळले. आदल्या संध्याकाळी उमललेला झुपका त्यांनी दोन बोटांत धरला आणि नखानं एकेक फूल खुडलं. कामात घाई नव्हती. शेंगा निवडाव्यात तसं. खुडलेली फुलं त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली, गोळ्यांच्या बाटलीशेजारी. एक फूल ठेवलं. दारापर्यंत गेले, चौकटीला टेकून उभे राहिले, परत आले, आणि तेही खुडलं.

ते खाली गेले तरी मी लाटणं धरून टाकीमागेच बसून होतो.

आई स्वयंपाकघरात दूध तापवत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती पातेल्याकडे बघत राहिली.

“लाटणं ठेव आधी जागेवर,” ती म्हणाली.

“आई, ते स्वतःच...”

“माहीत आहे.”

“माहीत आहे? कधीपासून?”

“सदरे कोण धुतं या घरात?”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? ते म्हणतील, बगलेतले जादा फुटवे काढत होतो. वर दोन दिवस जेवायचे नाहीत.” दूध वर आलं, तिनं गॅस बारीक केला. “घोरपडे आठवतात तुला? ह्यांच्या जोडीला स्टँडवर होते. टोपीवाले.”

मला आठवत होते. सणाला आमच्याकडं यायचे. पोटातल्या फोडाच्या ऑपरेशनला मिरजेला गेले आणि परत आले नाहीत, एवढं लहानपणी ऐकलं होतं.

“त्यांना घेऊन हेच गेले होते. घोरपडे दारात अडून बसले, आत जाईनात. ह्यांनी चेष्टा केली. म्हणे, अरे, घाबरतोस काय, मी शिट्टी मारतो, तू सुट. घोरपडे हसले आणि गेले आत.” आईनं पातेलं उतरवलं. “घोरपडेवहिनींना निरोपही ह्यांनीच दिला. त्या दिवसापासून घरात शिट्टी नाही वाजवली कधी. पोरानं वाजवली तर अंगावर जायचे, आठवतं?”

आठवत होतं. मला वाटायचं, त्यांना कामाचा कंटाळा आहे.

“चल,” आई म्हणाली.

ती मला गच्चीवर घेऊन गेली. कठड्याशी ओळीनं मिरचीचे डबे होते. त्यांच्यामागं, भिंतीला चिकटून, टोमॅटोचा एक डबा तिनं कधीतरी सरकवून ठेवला होता. आई खाली बसली आणि मिरचीची फांदी बाजूला केली. टोमॅटोची एक फांदी लुगड्याच्या चिंधीनं खाली ओढून डब्याच्या पार बुडाशी बांधलेली होती, आणि तिथं, जमिनीपासून वीतभर, एक टोमॅटो होता. हिरवा, चपटा, कंगोऱ्यांचा. चांगला मुठीएवढा.

“ते वाकत नाहीत ना,” आई म्हणाली.

मी हात पुढं केला. तिनं फटका मारला.

“लाल होऊ दे.”

त्यानंतरचे दिवस मी जन्मात विसरायचो नाही. तोवर आमची एक काळजी होती, आता दोन झाल्या: टोमॅटो पिकण्याआधी आप्पांना काही होऊ नये, आणि टोमॅटो पिकण्याआधी आप्पांना तो दिसू नये. आप्पा गच्चीवर निघाले की आमच्यापैकी एकजण काहीतरी काम काढून मागोमाग जायचा. ते कठड्याकडे वळले की वृंदा खालून हाक मारायची, “आप्पा, चहा!” एका सकाळी त्यांना तीनदा चहा झाला. “तुमच्या डॉक्टरांचं आणि तुमचं जमलेलं दिसत नाही,” ते म्हणाले. “ते चहा बंद करा म्हणतात.”

सावंतवहिनींना आईनं पाणी न घालण्याची शपथ घातली. चिमण्यांसाठी पिसाळांची जाळी आणली. पिसाळ खूश झाले. रोज सकाळी आप्पा दोन बोटांनी वरची फुलं खुडत होते आणि रोज दुपारी, ते झोपले की, आम्ही तिघं खाली डोकं घालून त्या फळाकडे बघत होतो. हिरवा पांढुरका झाला. पांढुरक्यावर बुडाशी पिवळसर झाक आली. मग काहीच होईना. ढगाळ हवा पडली होती. वृंदानं हात जोडले, मी कचेरीतला पिवळा बल्ब आणून लावावा का असा विचार केला. त्यातच आप्पांना दोनदा कळ येऊन गेली. लहान होत्या, पण दुसरी ओसरेपर्यंत आईनं त्यांच्या पाठीवरून फिरणारा हात थांबवला नाही, आणि तिचे ओठ सारखे हलत होते.

मग ऊन पडलं, आणि नारिंगी एका बाजूनं चढायला लागलं.

“उद्या तोडू?” मी विचारलं.

“तोडायचा नाही,” आई म्हणाली. “तोडलास तर म्हणतील, बाजारातला. तू ठेवलायस कुठं विश्वास?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आंघोळीला गेले तेव्हा आईनं मला गच्चीवर पाठवलं. मी तो डबा उचलला. ओल्या मातीनं भरलेला तेलाचा डबा किती जड असतो हे मला त्या दिवशी कळलं. जिन्यातून छातीशी धरून आणला. ज्या देवघरापुढं आई कोणाला ओल्या पायानं फिरकू देत नसे, तिथं तिनं स्वतः जागा करून दिली. डबा देवापुढं टेकला. फरशीवर चिखलाचं वर्तुळ उमटलं. आईनं चिंधी सोडली, फांदी वर आली, आणि टोमॅटो बाळकृष्णाच्या मूर्तीसमोर येऊन लोंबकळायला लागला.

आप्पा सोवळं नेसून, हातात तांब्या घेऊन आले आणि उभे राहिले.

वृंदा दाराआड होती. आप्पांनी तांब्या खाली ठेवला, पाटावर बसले, चष्मा मागितला. मी दिला. त्यांनी फळ पाहिलं, देठ पाहिला, देठामागची फांदी पाहिली, फांदीला चिंधीनं पडलेला वळ पाहिला. मग आईकडे पाहिलं.

“देठाशी हिरवा आहे अजून,” ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. होता.

“पूर्ण लाल असं ठरलं नव्हतं,” आई म्हणाली. “पहिलं फळ, असं ठरलं होतं.”

“हं.”

“तोडा तुम्ही.”

आप्पांनी हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. समईची वात तडतडली.

“घोरप्याला मी हसत हसत आत पाठवला गं,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“तू आत नाही येऊ शकायचीस. दारापर्यंतच येऊ देतात.”

“मग दारापर्यंत येईन.”

आप्पांनी डोळे पुसले नाहीत, कारण सोवळ्यात रुमाल नसतो. त्यांनी फळ तळहातावर घेतलं, जरा पिरगळलं, आणि ते सुटलं. देवापुढं ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं. रोजची सगळी पूजा, एक मंत्र न गाळता, केली. आम्ही तिघं तशीच उभी. शेवटी त्यांनी मागं न बघता विचारलं, “मिरजेची पहिली गाडी किती वाजता, बदलली का रे वेळ?”

वेळ त्यांनाच माहीत होती. आम्ही मगदुमांची मोटार घेऊन गेलो.

पुढं बरीच वर्षं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला या ऑपरेशनची गोष्ट सांगत. छातीवरचा वण दाखवत, आणि आपण आत कसे हसत हसत गेलो ते सांगत. ऐकणारे माना डोलवत. आई सुपारी कातरत असायची.

मी तिथं होतो. ते हसले नव्हते. ढकलगाडी दारापाशी आली तेव्हा त्यांनी आईचा हात धरला, आणि वॉर्डबॉय “आजोबा, सोडा आता” म्हणाला तरी सोडेनात. डोळे मिटलेले. आईनं घाई केली नाही. गाडीबरोबर चालत अगदी उंबऱ्यापर्यंत गेली, आणि तिथं वाकून त्यांची बोटं आपल्या हातावरून एकेक करून उचलली. मग आतून माणसं आली आणि गाडी घेऊन गेली.

दार लागल्यावरही ती तशीच वाकून उभी होती.

“चल,” ती मला म्हणाली. “मला कुठंतरी बसव आता.”